विमलसाठी केलेली प्रार्थना

सोम. ६ जानेवारी

पाळकसाहेबांनी नवीन काम गळ्यात मारलं. दर सोमवारी सकाळी घरसभांच्या सगळ्या पुढाऱ्यांना मोबाइलवर चार ओळी पाठवायच्या, उत्तेजनाच्या. "शीलाताई, तुमचं मराठी चांगलं, शाळेत शिकवता. पुढारी थकतात हो. दुसऱ्यांना धीर देतात, त्यांना कोण देतं?" अमरावतीच्या पाच सभा, अकोल्याच्या तीन, वरूडची एक.

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. मग आठवलं, यादीत वि. पण आहे. अकोल्याची विमल. हो म्हटलं. पा.सा. खूश.

बुध. ८ जाने.

रूथ गोळी घेऊन, डबा घेऊन कोचिंगला गेली. ऑटोनेच. स्कूटी शिकू दिली नाही मी पोरीला. पाच वर्षांत एकदाही फिट आलेली नाही, तरी नाही.

कपाटात साखरपुड्याची साडी मागे कोंबलेली दिसली. घडीसुद्धा मोडलेली नाही.

सगळं एकदा लिहून ठेवते. मऊ पडायला लागले की वाचेन.

वि. माझी वीस वर्षांची मैत्रीण. ऑक्टोबरात इथे आली होती. मी तिला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं, रूथचं अकोल्याला जमतंय, फिटचं त्यांना अजून बोललो नाही, तू प्रार्थना कर. तुझ्यापाशी ठेव. तिने माझे हात हातात घेतले. पुढच्याच शुक्रवारी आपल्या घरसभेत, डोळे मिटून, मोठ्याने म्हणाली की अमरावतीच्या आमच्या रूथला लग्नाच्या दिवशी फिट येऊ देऊ नको. त्या सभेत मुलाची आत्या बसलेली. दोन दिवसांनी मुलाच्या आईचा फोन. "आम्हाला तुमच्याकडून कळायला हवं होतं. प्रार्थनेतून कळलं."

झालं. तारीख, हॉल, सगळं गेलं. मुलगा तर फोनवर आलाच नाही.

तेव्हापासून वि.शी एक शब्द बोलले नाही. मेसेज आला की नुसते हात जोडलेले पाठवते. तिने आजवर एकदाही विचारलं नाही की काय झालं. विचारेल कशी? तिला माहीत आहे.

सोम. १३ जाने.

पहिल्या चार ओळी पाठवल्या. तीनदा खोडून लिहिल्या:

"प्रिय पुढारी, लोक आपल्यापाशी मन मोकळं करतात, ही प्रभूने दिलेली ठेव आहे. जो पुढारी ही ठेव चारचौघांत उधळतो, तो कुणाचं घर मोडतो ते त्यालाही कळत नाही. आज स्वतःला विचारू या, माझ्या तोंडाला दार आहे का?"

वि.ला कळलंच पाहिजे, असं लिहिलं होतं.

साडेआठला वि.चं उत्तर. "फार उत्तेजन मिळाले ताई. प्रभू तुमचा असाच वापर करो." वर दोन फुलं.

शाळेत पहिले दोन तास मुलांवर ओरडण्यात गेले.

गुरु. १६ जाने.

माझी सभा. आज क्षमेचा धडा होता. मी पुढचा घेतला. शेजारच्या मनोरमाबाई पानं मागे-पुढे करत म्हणाल्या, "ताई, एक सुटला वाटते." म्हटलं, वेळ कमी आहे. त्या म्हणाल्या, आताशी तर सहा वाजले.

नंतर गिला वडा होता. सगळ्यांनी खाल्ला. मी नाही.

सोम. २० जाने.

दुसरा बाण. या वेळी घरचं माणूस, जुनी माणसं, विश्वास, सगळं घातलं. शेवटी, "ज्याला आपण दुखावलं त्याच्या दाराशी आजच जा. उद्यावर टाकू नका." आली तर दारातच उभी ठेवणार होते. काय बोलायचं तेही ठरवलं होतं.

दुपारी फोन आला, वरूडहून. येसूदासकाकांचा. तिथली सभा तेच चालवतात, संत्र्याचा बगीचा आहे, सत्तरी उलटली. रडत होते. "शीलाबाई, तुमी माह्यासाठीच लिहिलं न? मले मालूम हाय. भावासंगं अकरा वर्सं झाले बोललो नाई मी, वावराच्या धुऱ्यासाठी, हातभर बांधासाठी. आज गेलो. त्याच्या घरी जेवून राहिलो आत्ता."

मागून भाऊ काहीतरी बोलत होता, वाढा वाढा असं.

सोडला अकोल्याला, लागला वरूडला. पा.सा. नी सगळ्यांना कळवलं की सोमवारच्या ओळींनी मोठं काम होत आहे. वि.ने त्यालाही फुलं पाठवली.

सोम. २७ जाने.

आज नीट काही सुचलं नाही. "थकू नका" असं काहीतरी पाठवलं. त्यालाही नऊ जणांचं आमेन. म्हणजे मी धरून. मी पण टाकलं.

रवि. २ फेब्रुवारी

काका संत्र्याची पेटी घेऊन आले, आभाराची. बसले, चहा घेतला, भावाच्या सुनेचं, बगीच्याचं सांगितलं. मग आवाज खाली आणून, "तुमच्या त्या विमलबाईचं काही खरं नाई वो." काका वरूड रोडवरच्या व्यसनमुक्ती केंद्रात फळं देतात. तिथे दर शनिवारी वि. येते. तिचा प्रशांत आहे आत. सगळ्यांना सांगितलंय, पुण्याला नोकरीवर. सात-आठ महिने झाले.

"मले पाहून पदर घेतला तिनं तोंडावर. मी बी दुसरीकडं पाह्यलं. कोनाले सांगजा नका बरं."

माझ्या ओळी वाचून रडल्याला पंधरा दिवस झाले नव्हते काकांना. मी मान हलवली, नाही सांगणार म्हटलं. आणखी एक कप चहा दिला.

काका गेल्यावर एक संत्रं सोललं. खूप दिवसांनी काही गोड लागलं.

सोम. ३ फेब्रु.

चार ओळी पाठवल्या, अगदी प्रेमळ. आता बाणांची गरज नाही.

पुढच्या महिन्यात एक तारखेला सगळ्या पुढाऱ्यांची एकत्र सभा, इथेच, चर्चच्या हॉलमध्ये. शेवटी गोल प्रार्थना असते. एकेकाने एकेकासाठी. तिने माझ्या रूथसाठी केली, तशी मी तिच्या प्रशांतसाठी करेन. डोळे मिटून, मोठ्याने, आणि प्रेमाने. तिने प्रेमानेच केली होती ना. कुणी मला एक शब्द बोलू शकणार नाही. प्रार्थनेला कोण नाव ठेवेल?

गुरु. १३ फेब्रु.

माझी सभा बरी झाली. मनोरमाबाई म्हणाल्या, ताई आज खुशीत दिसता.

पोळ्या करताना मनात शब्द जुळवत होते. "आमच्या विमलताईचं लेकरू" म्हणावं की "प्रशांत"? प्रशांतच. नाव आलं पाहिजे. रूथचं नाव घेतलं होतं तिने. "केंद्र" म्हणायचं. "आजार" म्हटलं तर कुणाला कळणार नाही.

रवि. १६ फेब्रु.

जेवताना रूथ म्हणाली, "आई, एक सांगू? आपण त्या लोकांले आधीच सांगायले पाहिजे होतं."

सांगणारच होतो, मी म्हटलं.

"कधी?"

साखरपुडा झाल्यावर. 

तिने ताट उचललं. बेसिनपाशी पाठमोरी उभी राहून म्हणाली, "मी त्याच्या जागी असती तर मीही फोनवर आली नसती."

हिला पण माझंच चुकलेलं दिसतं. माझी पोरगी लग्नाच्या हॉलच्या दारात हसत उभी राहणार होती, ती तारीख मला ठाऊक आहे. वि.ने जे केलं ते केलं. मी मऊ पडणार नाही. जानेवारीतलं आठ तारखेचं पान दोनदा वाचलं.

शनि. १ मार्च

झालं.

तेवीस माणसं होती, काही पुढारी बायको-नवऱ्याला घेऊन आले. वि. माझ्यासमोरच्या खुर्चीवर. बारीक झाली आहे. मला पाहून उठली, मिठी मारायला. मी हातातल्या ताटल्या पुढे केल्या.

गोल प्रार्थना सुरू झाली. माझ्या आधी सहा जण. मग माझी पाळी. एकही शब्द चुकला नाही. "प्रभू, आमच्या विमलताईच्या प्रशांतसाठी. तो पुण्याला नाही, आठ महिन्यांपासून वरूड रोडच्या व्यसनमुक्ती केंद्रात आहे, हे तुला माहीत आहे. त्याची आई हे ओझं एकटीच वाहते आहे." एवढं बोलून थांबले. कुणी आमेन म्हटलं नाही. मी डोळे उघडले, तिचा चेहरा पाहायचा होता म्हणून. तेवढ्यासाठीच तर सगळं होतं.

तिने तोंडावर पदर धरला होता. मग तो सोडला आणि मोठ्याने रडायला लागली, लहान पोरं रडतात तशी. अकोल्याच्या दुसऱ्या सभेचे पुढारी, भारदस्त माणूस, कधी हसत नाहीत, उठून म्हणाले, माझा धाकटा भाऊ दारूनेच गेला, मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बाया तिच्याभोवती जमल्या. येसूदासकाका माझ्याकडे बघायला तयार नव्हते, पण तिला म्हणाले की शनिवारी मी संगं येत जाईन. पा.सा. गुडघ्यावर. अर्धा तास हेच.

शेवटी ती माझ्याकडे आली. गळ्यात पडली. "आठ महिने झाले, शीला, मले तोंड उघडता नाई आलं. रोज ठरवू अन् रोज गप बसू. तुनं माह्या तोंडातलं काढलं वं. तुह्यासारखी मैत्रीण कोनाले नाई."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. सगळे बघत होते, न ठेवून कसं चालेल.

रूथच्या वेळी कुणी उठलं नव्हतं. कुणी गुडघ्यावर गेलं नव्हतं. तिला एक फोन आला आणि कपाटात एक साडी राहिली. आणि हिला तेवीस माणसं मिळाली, तीही माझ्या हातून. रिक्षात बसल्यावर मला इतका राग आला की मी चौकात चुकीच्या ठिकाणी उतरले आणि घरापर्यंत चालत आले.

रवि. २ मार्च

चर्चमधून निघताना चौघीजणी येऊन हात धरून गेल्या. काय प्रार्थना केली ताई.

रूथला तिथेच कळलं. कुलूप उघडताना म्हणाली, "प्रशांतले विचारलं होतं का कोणी?"

मी म्हटलं, भलं झालं ना शेवटी त्याचं. त्याच्या आईचं तरी.

"ते तुह्यामुळं नाई झालं. तू भलं करायले गेलीच नव्हती."

मी सांगितलं नव्हतं तिला काही. वही माझ्याच उशीखाली असते. वाचली नसणार. तोंडावरून ओळखते ती.

"मलेही कोणी विचारलं नव्हतं, आई." एवढं बोलून आत गेली.

सोम. ३ मार्च

ओळी पाठवल्या नाहीत. पा.सा. चा फोन, शनिवारच्या अनुभवावरच लिहा ना ताई, सगळे वाट बघून राहिले. बघते म्हटलं.

गुरु. ६ मार्च

सभा मनोरमाबाईंना घ्यायला सांगितली. डोकं दुखतंय म्हटलं. त्यांनी तो सुटलेला क्षमेचा धडा काढला. मी भिंतीकडे बघत बसले. रूथ जेवायला बसते, हो-नाही बोलते. तेवढंच.

शनि. ८ मार्च

वि. आली, न सांगता. केंद्रातून परस्पर. काका तिला स्टँडपर्यंत सोडून गेले. प्रशांत आज पहिल्यांदा तिच्याशी भांडला नाही, म्हणे. मग म्हणाली की भांडला आधी, सगळ्यांले काहून सांगितलं म्हणून, दोन आठवडे भेटायला येऊ नको म्हणाला, मग स्वतःच बोलला. अजून चिडलेला आहे.

चहा ठेवला. ती हॉलमध्ये, ज्या खुर्चीवर ऑक्टोबरात स्वयंपाकघरातून उठून बसली होती तिथेच. रूथ कोचिंगवरून आली, चपला काढत दाराशीच थांबली.

वि. तिच्याकडे बघून मला म्हणाली, "शीला, मी माह्याच दुखात बुडून होती. तुले विचारलंच नाई. इचं काहून मोडलं वं? तू तं बोलेनाशीच झाली. मले वाटलं, प्रशांतचं तुले समजलं म्हनून तू दूर झाली. कोनाकडचं होतं ते स्थळ? अकोल्याचं म्हणली होती तू, नाव तं सांगतलं नाई."

नाव मी सांगितलं नव्हतं.

तिथे ओट्यापाशी उभी राहून मी आठवून पाहिलं. अकोला सांगितलं. मुलगा इंजिनिअर सांगितलं. नाव ठरेपर्यंत नको, म्हणून ठेवून घेतलं होतं. त्या शुक्रवारी तिच्या डाव्या-उजव्या हाताला कोण बसलं आहे, हे तिला कळायला मार्गच नव्हता. गुपित फोडलं ते फोडलंच. पण कुणाच्या कानावर पडतंय हे तिला माहीत नव्हतं. पाच महिने मी ते धरून बसले होते.

आता त्या आत्याचं नाव घेतलं की पुरे. एक नाव. ती जागच्या जागी मोडेल, आज तर नक्कीच. पुन्हा कधी कुणासाठी तोंड उघडून प्रार्थना करणार नाही. मला ऑक्टोबरापासून जे हवं होतं ते हेच, आणि अजूनही हवंय, खोटं कशाला लिहू. तिने विचारलं तेव्हा माझ्या तोंडाला पाणी सुटलं.

रूथ दारातून म्हणाली, "सांग ना आई. खरं ते सांग. मावशी विचारून राहिली."

कशासाठी म्हणाली ते कळलं नाही. माझ्यावर सोडलं, की मला पारखते आहे.

मोबाइल वाजला म्हणून मी आतल्या खोलीत आले. वाजला नव्हता. पलंगावर बसून हे लिहिते आहे. बाहेर चहा उतू गेल्याचा वास आला, मग कुणीतरी गॅस बंद केला. आता काहीच आवाज नाही. दोघी माझी वाट बघत बसल्या आहेत, की रूथने सांगूनही टाकलं, इथून समजत नाही.