रत्नाची भाकर शेळीला

मंद्रूप, ता. ३ डिसेंबर १९३४

चि. ईश्वरप्पास शरणम्माचे अ. आ. वि. वि. बाळ-बाळंतीण खुशाल असतील. बाळंतपणापायी माझ्याकडं ठेवलेल्या तुझ्या थोरल्या लेकीनं मात्र माझा जीव नकोसा केलाय. सहा वर्सांची झाली, तरी ताटातली भाकर गुपचूप शेळीला घालती. विचारलं की तोंड मिटून बसती. रात्रभर किरकिर! मास्तर म्हणतात, रत्ना मठ्ठ हाय, शाळेत नुसती पेंगती, पुढल्या वर्सी धाडा. गुळाचा खडा दिला की तेवढी गप बसती. हट्ट तुझ्यावर गेलाय, दुसरं काय! दटावून चार ओळी लिही. या अक्कावर माया असू दे.

सोलापूर, ता. ६

ति. अक्कास सा. न. वि. वि. कसला हट्ट घेऊन बसलीस? तिचं तोंड उघडून कुणी पाहिलं का? दाढ किडली असेल, आणि वर तू गूळ भरवतेस! पोरीला चावता येत नसेल गं. पत्र मिळताच तिला घेऊन ये, दवाखान्यात दाखवू. रागावलीस तरी चालेल, पण ये. लोभ आहेच, तो टिकव.

मंद्रूप, ता. ११

चि. ईश्वरास आशीर्वाद. पाहिलं. दोन दाढा काळ्या, पोकळ. पण दुधाच्या दातासाठी कुणी सोलापूर गाठतं व्हय? आपसूक पडतील म्हणून कीड काढणाऱ्या बाईला बोलावलं. तिनं रिंगणीच्या बियांची धुरी दिली, परातीत पांढऱ्या किडी दाखवल्या. साऱ्या गल्लीनं बघितल्या की! तरी आज गाल टम्म सुजलाय, डोळा मिटलाय, अंग भाजतंय. गूळबी नको म्हणती. मला लई भ्या वाटतंय रे. उद्याच्या मोटारीनं निघते. अड्ड्यावर उभा राहा, उशीर केलास तर बघ! बाकी भेटीत.

सोलापूर, ता. २४

ति. अक्कास सा. न. सुखरूप पोचलीस, बरं झालं. काढलेल्या दाढा डॉक्टरांकडून मागून आणून तू आमच्या पत्र्यावर फेकल्यास, उंदीरमामाला नवे दात मागितलेस, त्यावर शेजारी अजून हसतात. रत्नाची सूज उतरली, रात्रभर झोपते. दिवसभर मात्र बडबडीनं डोकं उठवलंय. मठ्ठ म्हणणाऱ्या त्या मास्तरांनी इथं येऊन तासभर बसावंच. काल आपणहून कडक भाकरी मागितली आणि चटणीशी कडाकडा चावून संपवली. बाळंतिणीला रडू आलं.

आता ती माझ्या मांडीला टेकून बसली आहे. म्हणते, आत्तीला लिहा की मी हट्ट करत नव्हते, मला दुखत होतं.

लिहिलं. मायेत उणं नको.

तुझा ईश्वरा