भरल्या बंडीवर बिडी नाही

गोविंदाच्या बाबांस,

पायावर डोकं ठेवून सांगते, आधी पूर्ण वाचा, मग रागवा.

आज तुमचं पित्र होतं. पानावर सगळं दरसालसारखं वाढलं. उडदाचे वडे, कढी, तुमाले आवडे तशी गवारीची शेंग. फक्त बिडी मी ओढून पेटवली नाही. तुमाले भेटली का नाही, कोणाले विचारू? मनात भेव शिरलं, म्हणून हात धुतल्याबरोबर लिहाले बसली. आपली सून सुमन, तिनं वहीचं पान फाडून देलं. म्हणते, "आत्याबाई, कोणाले लिहून राह्यल्या?" मी म्हटलं, "तुह्या सासऱ्याले." हसली. हसू द्या बापडीले.

तुम्ही गेल्यावर पहिल्याच पित्राले किसनभाऊजी म्हणाले होते, दादाले जेवणाआधी बिडी लागे, ते ठेवा. बिडी म्हणजे काही ऊदबत्ती नाही, लावली आन् जळत राह्यली. ओढल्याबिगर तिची आग टिकत नाही. मग मीच झुरका मारत होती आन् निखाऱ्यावर घास टाकतो त्या आगारीजवळ ठेवत होती. जितेपणी तरी दुसरं काय होतं? तुम्ही पेटवत, अर्धी माह्या हातात देत. लग्न होऊन आली तेव्हा मले बिडी कोणत्या टोकाले धरतात तेही माहीत नव्हतं! तुम्हीच शिकवलं, आन् मी शिकली. तुमाले एकट्याले दोष देत नाही.

पण चिमीचं सांगायचं राह्यलंच. तुमाले नात आहे, माहीत आहे ना? गोविंदाची पोरगी. काय सांगू, डोळे तुमचे, नाक सुमनचं, आन् जिद्द कोणाची ते सांगत नाही. दिवसभर माह्या लुगड्याले लोंबकळते. कोंबडी दिसली का तिच्यामागं, कोंबडी पळाली का माह्यामागं. गावात आता फाट्यापर्यंत येस्टी येते, तिचा आवाज आला का "आजी, भुर्र" म्हणून दारात उभी! मले तर वाटते, देवानं ही पोरगी मलेच देली, सुमनच्या पोटातून फक्त पाठवली.

पोळ्याच्या दिवशी सगळे अंगणात बसले होते. किसनभाऊजी होते, शेजारपाजारचे होते. चिमीनं पऱ्हाटीची एक काडी उचलली आन् तोंडात धरली. गोविंदा म्हणते, "पाहा पाहा, आजी झाली." पोरीनं काडी काढली, वाकली, एक हात भुईले टेकवला, दुसरा छातीवर ठेवला आन् खोकली. खो खो खो. मग मान वर करून म्हणते, "निगाली बंई!"

सगळे पोट धरून हसले. मीही हसली. आन् हसता हसता माही नजर तिच्या भुईवरच्या हातावर गेली.

तो तुमचा खोकला होता हो! भुईले हात टेकवणं तुमचं. उबळ गेली का बैलं हाकल्यासारखं "चाला, निघाली बंडी" म्हणणं तुमचं. पोरीनं तर तुमाले पाह्यलंही नाही. मग शिकली कोणापासून? मी सुमनले बाजूले नेऊन विचारलं, मी अशी खोकलते काय? ती खाली पाहून म्हणे, "आत्याबाई, रोजच. मले वाटे तुमाले माहीत हाये."

मले माहीत नव्हतं. तुमचा खोकला तुमच्यासंगं गेला, असं मी समजत होती. तो माह्याच घरी राह्यला होता, माह्याच छातीत. कुठं निघाली होती हो बंडी? तुमाले नेऊन आली, आता कोणासाठी दारात थांबली? आन् ते पोरगी काडी तोंडात धरून तिच्यामागं पळते! त्या भेवानं मी कंबरेचा बिड्यांचा कट्टा काढला आन् चुलीत टाकला.

आता म्हणाल, डॉक्टरनं सांगतलं तेव्हा काहून नाही सोडली? पांढरकवड्याच्या डॉक्टरनं तुमाले सांगतलं, तेव्हा तुम्ही मान हलवली आन् दवाखान्याच्या फाटकाबाहेर काडी ओढली. मले सांगतलं, मीही मान हलवली. गोविंदानं पायावर हात ठेवला, सुमन रुसली, पोथीवाल्या बुवानं शपथ घातली. ते सारं त्यांचं होतं. माह्या आत काही हललं नव्हतं.

एक गोष्ट मले फार दिवसांची खुपते, आज बोलू द्या. बंडीत कापूस भरून जिनात विकाले जात होतो, तेव्हा पहाटेपासून पांढरकवडा येईतोवर तुम्ही बिडीले हात लावला नाही. मी एकडाव मागतली तर केवढे खेकसले! "भरल्या बंडीवर बिडी? डोकं फिरलं काय? एक ठिणगी पडली तर सालभराची मेहनत राख!" दिवस निघे, ऊन चढे, तुमचे ओठ सुकत, बैलायले गाणे म्हणत, पण काडी नाही. तिथं कोणी डॉक्टर नव्हता, कोणी शपथ घातली नव्हती. तुमच्यानं होत होतं! कापसासाठी होत होतं. मग माह्यासाठी काहून नाही झालं, गोविंदाच्या बाबा? मी काय कापसाहून हलकी होती?

जाऊ द्या. पित्राच्या दिवशी भांडू नये.

तर आज. गोवरीचे निखारे फुलले, आगारी टाकली, आन् किसनभाऊजीनं बिडी माह्या हातात देली. "वयनी, मारा एक झुरका. दादाची हाये, तुमची थोडीच हाये."

मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हीच पेटवा ना."

"मी? मले ओढता येते काय? तुमच्याच हातची लागते दादाले. एकानं काय होते?"

एकानं काय होते! तोंडाले पाणी सुटलं, खोटं कायले बोलू. एक मन म्हणे, ओढ, नवऱ्याचं काम आहे, पुण्याचं आहे, उपाशी गेले तर? दुसरं मन म्हणे, एक ओढली का कट्टा पुन्हा कंबरेले आलाच. तेवढ्यात चिमी येऊन समोर उभी राह्यली. माह्या हातात बिडी पाह्यली, झटकन वाकली, भुईले हात टेकवला. आन् माह्या तोंडाकडे पाहत थांबली. आजी खोकलली का आपण खोकलायचं.

मी बिडी अख्खीच निखाऱ्यावर ठेवली. भर्रकन जळली. धूर नाकात आला, मी श्वास धरून बसली. पोरगी वाट पाहत होती, पाहत होती. मग तिले कंटाळा आला आन् कोंबडीमागं पळाली.

किसनभाऊजी जेवले आन् सुपारी न घेताच उठले. बोलतील.

भेव मात्र गेलं नाही. सकाळी उठल्याबरोबर हात कंबरेले जाते, रिकामा येते. छाती अजून वाजते. उशीर तर नाही झाला? उद्या कोणी पुढं केली तर? मले माह्या हाताचं भेव लागते, दुसऱ्या कोणाचं नाही.

म्हणून तुमाले वचन देते, कारण तुमाले खोटं बोलाची मले सवय नाही. पुढच्या पित्राले वडे दुप्पट वाढीन, बिडी नाही. रुसायचं तर रुसा. आन् तिकडं माह्यासाठी अर्धी ठेवून वाट पाहू नका, मले यायले उशीर आहे. चिमी माह्या मांडीवर झोपली आहे. मी भरल्या बंडीवर बसली आहे, असं समजा.

तुमची,
चिमीची आजी