दहापैकी दहा

२ ऑगस्ट

तीर्थरूप काकांस,
सादर नमस्कार. वि. वि.

आपल्याला पत्र लिहिण्याचा अधिकार मला आहे की नाही हे न ठरवताच लिहायला बसले, त्याबद्दल प्रथम क्षमा मागते. आजी गेली तेव्हापासून, म्हणजे सात वर्षे, आपला आणि बाबांचा अबोला आहे. त्यात मी कोणत्या बाजूला, हे मला कोणी विचारलेले नाही.

मराठी माध्यमातून पहिली आले खरी. पण ग्रंथालयाच्या अभ्यासक्रमासाठी सप्टेंबरात इंग्रजीतून मुलाखत आहे, आणि अमुक वर्षांनी तुम्ही काय करत असाल, असे हमखास विचारतात म्हणे. नेमके त्याच काळाशी, म्हणजे चालू भविष्यकाळाशी, माझे जमत नाही. आपण छत्तीस वर्षे इंग्रजी शिकवलेत. आपल्याला ऐकू येत नाही, म्हणून फोनचा प्रश्नच नाही. आणि मलाही कागदावरच बोलता येते. बाबा शिवणयंत्रावर पाठ करून बसले आहेत, पण शाई पुरेल का, असे दोनदा विचारून झाले.

रागवायचे झाल्यास पत्रानेच रागवावे,
आपली पुतणी


७ ऑगस्ट

चि. वाळवीस (पुस्तके खाणारीला दुसरे काय म्हणू?) अनेक आशीर्वाद.

माझा अबोला तुझ्या बापाशी आहे, तुझ्याशी नाही. तेव्हा ऐक. 'विल' ठेव, त्यापुढे 'बी' ठेव आणि क्रियापदाला 'आयएनजी' जोड. आय विल बी रीडिंग, मी वाचत असेन. कर्ता कोणीही येवो, 'विल बी' हलत नाही. एवढा इमानी काळ दुसरा नाही. वापर असा, की पुढची एक वेळ पक्की धरायची, दार किलकिले करून आत डोकावायचे आणि त्या क्षणी जे अर्धवट चालू असेल ते सांगायचे. शिवाय कोणाला गळ न घालता त्याचा बेत विचारायचा असेल तर, विल यू बी कमिंग? भिडस्तांची सोय, म्हणजे तुझीच.

स्वाध्याय: पुढची एखादी तारीख आणि वेळ निवड. तेव्हा कोण काय करत असेल, यावर दहा वाक्ये वेगळ्या कागदावर, मराठी अर्थासह. वाक्ये खरी नसली तरी चालतील, व्याकरण खरे हवे.

तुझा बाप अजून टाचण्या तोंडात धरून बोलतो का? मी विचारले म्हणून सांगू नकोस.

तुझा मास्तर काका


१३ ऑगस्ट

तीर्थरूप काकांस सादर नमस्कार. वि. वि.

टाचण्या अजून तोंडातच असतात. काकाला पत्रात फक्त खुशाली लिहायची, दुसरे अक्षर नाही, असे बाबांनी बजावले आहे आणि मी तसा शब्द दिला आहे. तेव्हा पत्रात खुशाली. स्वाध्यायाचा कागद मात्र वेगळा आहे, आणि त्याबद्दल मी कोणताही शब्द दिलेला नाही. पहिली चार वाक्ये सरावाची आहेत. पाचव्यापासून पुढची आपण सावकाश वाचावीत, एवढी विनंती.

आपली पुतणी

(कागदावरून. वेळ: २९ ऑगस्ट, सकाळी अकरा.)
पाचवे: अर्धवट शिवलेला कोट खुंटीवर लोंबत असेल.
सहावे: डॉक्टर बाबांच्या पोटावर शस्त्रक्रिया करत असतील.
सातवे: आई बाहेरच्या बाकावर रुमालाचे टोक पिळत असेल.
आठवे: मी जिन्याच्या पायऱ्या मोजत असेन.
नववे: बाबांचे भाऊ दुसऱ्या गावी वर्तमानपत्र वाचत असतील.
दहावे: काका, विल यू बी कमिंग?


१९ ऑगस्ट

चि. वाळवीस आशीर्वाद.

दहापैकी दहा! छत्तीस वर्षांत मी कोणाला नवाच्या पुढे जाऊ दिले नव्हते. पहिल्या चारांतले मांजराचे आणि पोस्टमनचे वाक्य झकास. पण सहाव्यापासून ही रडकथा कशाला? ज्याला जन्मात साधे पडसे झाले नाही, त्या तुझ्या बापाला टेबलावर आडवे केलेस! त्याने वाचले तर कात्री घेऊन मागे लागेल. कल्पनाशक्ती दांडगी आहे, पण मुलाखतीत असे बोललीस तर परीक्षक डोळे पुसत बसतील. नववे तेवढे खरे. दहाव्यातले प्रश्नचिन्ह सुबक.

आता दहा आनंदी वाक्ये पाठव.

तुझा मास्तर काका


२४ ऑगस्ट

तीर्थरूप काकांस सादर नमस्कार.

आज स्वाध्याय न करता आणि दिलेला शब्द मोडून लिहीत आहे. सहावे वाक्य मला आनंदी करता येत नाही, कारण ते खरे आहे. बाबांच्या पोटात गाठ आहे. आजी गेली तेव्हा हा मास्तर परीक्षेच्या वर्गात पहारा देत राहिला, माझ्या वेळीही त्याचे काहीतरी निघेलच, त्यापेक्षा कळवूच नका, असे बाबा म्हणाले. म्हणून मी ते वाक्यांत लपवले. फार नीट लपवले गेले. चूक माझी आहे.

सरकारी रुग्णालय, तिसरा मजला, जिन्यालगतचा बाक. दहाव्या वाक्याला गुण नकोत, उत्तर हवे.

आपली पुतणी


२७ ऑगस्ट

तीर्थरूप काकांस,

बाबा आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गेले. शस्त्रक्रियेपर्यंत थांबले नाहीत. दुपारी सारे उरकले. आपल्यासाठी थांबता आले नाही, क्षमा असावी.

माझे चोवीसचे पत्र उद्या आपल्या हाती पडेल. ते वाचून आपण लगेच निघालात, तर हे पत्र कुलूपबंद घरात पडून राहील आणि आपण परवा सरळ त्या बाकापाशी याल. तिथे कोणी आपल्याला काही सांगणार नाही, आणि सांगितले तरी ऐकू येणार नाही.

काल मी बाबांना सगळे कबूल केले. ते रागावतील असे वाटले होते. त्यांनी एवढेच विचारले, की सहाव्याला किती दिले. पूर्ण, असे मी म्हणताच ते इतके हसले की नर्स धावत आली. मला जन्मभर कशातच पास केलं नाही मास्तरानं, आणि पोट फाडायला पैकीच्या पैकी, असे म्हणाले. मग डोळे मिटून पडले. बऱ्याच वेळाने म्हणाले, की तो आलाच तर बाकावर जागा धर, गुडघे गेलेत त्याचे, उभं राहवत नाही त्याला. सात वर्षांत भेट नाही, मग गुडघ्यांचे त्यांना कोणी सांगितले, हे विचारायचे राहून गेले.

आई म्हणते, आता तिकडे जाण्यात काय अर्थ. तरीही एकोणतीस तारखेला सकाळी अकरा वाजता मी त्या बाकावर एका कडेला बसलेली असेन, शेजारची जागा धरून.

हे वाक्य तपासू नये. एवढी माया असावी.

आपली पुतणी

पत्र पेटीत टाकले: २७ ऑगस्ट, सायंकाळी पाच वाजून पस्तीस मिनिटे.