हरणांचा मावेजा

बीड,
दि. १० जुलै २०२४

ती. मामांस,
धनश्रीचा वाकून नमस्कार. वि. वि.

फोनवर माझं पुरतं ऐकण्याआधीच तुम्ही हो हो म्हणून फोन मामीकडे देता, म्हणून हे पत्र. सध्या आमच्या संस्थेत काळविटांच्या भ्रमणमार्गाचा नकाशा काढायचं काम माझ्याकडे आहे. वरच्या माळावरचे कळप गोदाकाठच्या गवतात जातात आणि परत येतात. ती वाट उसाने आणि प्लॉटिंगने दाटत चालली आहे. तिची सगळ्यात अरुंद जागा कुठे निघाली म्हणाल, तर चकलांब्यात, तुमच्याच खडकाळ पट्ट्यात. तेवढा पट्टा मोकळा असला तरच वाट सलग धरता येते आणि ती राखण्याची शिफारस करता येते. दिवाळीच्या आत नकाशा वनखात्याला द्यायचा आहे. तेव्हा पट्ट्याची काळजी घ्या.

सुट्टीला कधी येतेस असं मामीने विचारलंय. तिला सांगा, एवढं काम होऊ दे, मग बघते. तिच्या धपाट्यांची आठवण रोज येते. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

तुमची भाची,
धनश्री


चकलांबा,
दि. २ ऑगस्ट २०२४

चि. धनश्रीस,
मामाचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि तुझ्या हुशारीला मानलं. मार्ग म्हटलं की महामार्ग आणि त्यात जाणाऱ्या जमिनीचा मावेजा आलाच, हे न कळायला आम्ही दुधखुळे नाही. हरणांचं नाव तू मुद्दाम वर घातलंस ते बरं केलंस. पत्र कुणाच्या हाती लागलं असतं तर गावभर बोभाटा झाला असता.

पट्ट्याची काळजी घ्या म्हणालीस, घेतली. नुसत्या खडकाला कोण भाव देतो? म्हणून मोसंबीची रोपं लावली, पाशाभाईच्या दुकानातून पत्रे आणून शेड ठोकलं आणि चहूबाजूंनी जाळी मारली. तुझ्या मामीचं म्हणणं पडलं की पोरीनं हरणं लिवल्यात तर हरणंच आसतील, तुमी कावून उड्या मारताव. पण तिला सरकारी भाषा कुठून कळणार? मोजणीवाले कधी येतात तेवढं गुपचूप कळव. मामाला विसरू नकोस, हा लाभ तर तुझ्यामुळेच.

तुझा मामा,
सोमेश्वर


बीड,
दि. ११ ऑगस्ट २०२४

ती. मामांस,
धनश्रीचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी कपाळाला हात लावला, मग खूप हसले आणि मग खरोखर रडू आलं. मामा, हरणं म्हणजे हरणंच. हा मार्ग त्यांच्या पायांचा आहे. त्याला डांबर नाही, मोजणी नाही आणि मावेजा तर नाहीच. सरकारी भाषा घरात एकट्या मामीलाच कळते.

आमच्या लोकांनी परवा पाहिलं, कळप तुमच्या जाळीपर्यंत येतो, उभा राहतो आणि मागे फिरतो. पलीकडे गेलेल्या माद्या पलीकडेच अडकल्या आहेत. असंच राहिलं तर वाट तुटली असं मला माझ्या हाताने दाखवावं लागेल, तेही मामाच्या बांधावर. लहानपणी त्याच पट्ट्यात तुम्ही मला खांद्यावर बसवून काळवीट दाखवला होता. हे वेड मला तिथूनच लागलं. जाळी काढा, एवढंच मागते. रागावला असाल तरी आशीर्वाद चालू ठेवा.

तुमची,
धनश्री


चकलांबा,
दि. २६ सप्टेंबर २०२४

चि. धनश्रीस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं आणि नंतर दोन दिवस ती मला वाढताना नुसती हसत होती. पाशाभाईने पत्रे परत घेतले, वर चौकशी केली की आता हरणांकून टोल घेताव का. जाळी गुंडाळली, शेड पाडलं. रोपं तेवढी राहू दिली.

पण हरणं येईनात. तुझं काम माझ्या शहाणपणापायी बुडालं असं वाटून घास गोड लागेना. उठलो की आधी पट्ट्यावर जायचो आणि रिकामाच परत यायचो. काल गेलो, तर मोसंबीचे शेंडे साफ खुडलेले आणि ओल्या मातीत खुरांची ही गर्दी, जाणारीही आणि येणारीही. स्वतःचं नुकसान बघून आयुष्यात पहिल्यांदा टाळ्या पिटल्या. मामीला वाटलं, मला काहीतरी बाधलं. तर आमच्या बांधावरून तुझी रेघ सरळ ओढ, कुठे मोडू नकोस.

राहिला मावेजा. बाग हरणांनी खाल्ली आणि हरणं तुझ्या नकाशातली, तेव्हा तो तुझ्याकडेच निघतो. मला रोख नको. दिवाळीला ये आणि चार दिवस राहा. खांद्यावर आता तू मावायची नाहीस, पण पट्ट्यापर्यंत बरोबर चालत जाऊ. मामीने धपाट्यांचं पीठ दळून ठेवलं आहे. कमी-जास्त चालणार नाही.

तुझा दावेदार मामा,
सोमेश्वर