तुझ्या कुंपणावरचा पिवळा बाण

दि. ९ फेब्रुवारी

दादास,

धाकट्याचा नमस्कार. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, आणि त्याच्याहून जास्त तुझी भावजय.

तू डोंगरवाटा समितीच्या नावे धाडलेली तक्रार पोचली. 'अकरा अनोळखी माणसं माझ्या अंगणात उभी राहून शिखर कुठाय विचारतात,' हे वाचून अध्यक्षबाईंनी सगळ्यांदेखत माझ्याकडे पाहिलं. वाटांवर पिवळे बाण रंगवायचं काम माझ्याकडे आहे ना!

कौलांचा कारखाना बंद पडल्यापासून आपल्या गावात येतं कोण? म्हणून समितीनं या वाटा आखल्या. रंगवायला कारखान्यातलेच दोघं जुने भट्टीवाले आणि मी फाटकावरचा पहारेकरी. पहिल्या वाटेवर आम्ही काढलेले बाण झाडून सगळे कारखान्याकडे! तीस वर्षं डोंगर उतरून कामावर गेलो, हौसेनं वर कोण चढलं होतं? बिचारी माणसं शिखर गाठायला निघाली आणि बरोब्बर आठाच्या पाळीला कुलूपबंद फाटकापाशी हजर झाली. बाईंनी आम्हाला असं फैलावर घेतलं की जुने मुकादम परवडले.

तुझ्याकडची वाट शिखरावर संपायची होती. मी समितीला सांगितलं, डब्यात रंग उरला, वाया कशाला घालवा, म्हणून पलीकडे तुझ्या घराच्या बाजूला उतरत गेलो.

थाप मारली. रंग शिखरावरच संपला होता. दुसऱ्या दिवशी नवा डबा घेऊन पुन्हा चढलो, याच गुडघ्यानं. शेवटचा बाण तुझ्या कुंपणावर काढला. आत तू खोकत होतास. मी शेपूट घालून परत फिरलो.

तेरा वर्षं झाली, दादा. तू फाटकाबाहेर घोषणा देत होतास आणि साहेबांनी हातात दिलेलं कुलूप मी लावलं. नाही म्हणायला हवं होतं. चुकलं माझं. तोंडानं सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून बाण काढत बसलो.

परवा ती अकरा माणसं भेटली. म्हणाली, "आजोबा खेकसले फार, पण पाणी दिलं. बाण काढणारा अजून लंगडतो का, असं विचारत होते."

समितीचा ठराव झालाय, बाण पुसायचा आणि ज्यानं काढला त्यानंच. रविवारी सकाळी रॉकेल आणि चिंध्या घेऊन येतोय. रंग पक्का आहे, एकट्याला दिवस पुरायचा नाही.

हाकलायचं तर हाकल. पण पाणी देऊन.

अजून लंगडणारा,
तुझा धाकटा