सपत्नीक उपस्थित राहावे

३ नोव्हेंबर, रविवार. सांगली
सुट्टी, म्हणून आज घरात पार्सलांचा कारखाना. लेखकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'पुरस्कारासाठी पुस्तके पाठवण्याचे आवाहन' अशी चार आवाहनं आलीत. सातारा, कराड, मिरज आणि एक विदर्भात कुठेतरी. प्रत्येकी दोन प्रती, परिचय, फोटो. 'प्रती परत मिळणार नाहीत' हे मात्र सगळेच ठळक अक्षरांत लिहितात. जसं काही आम्ही मागायलाच जाणार होतो.

बांधाबांध सुमनकडे. खाकी कागद, दोरा, वर प्लॅस्टिक. एवढी वर्षं फौजेत काढली, पण बायकोसारखी गाठ मारता येत नाही. "फुकटच वाटायची हुती तर छापली कशाला?" हा तिचा दर वेळचा प्रश्न. बरोबर आहे.

तिने पुस्तक वाचलेलं नाही. नऊ कथा, त्यातल्या आठ फौजेतल्या. "तुमचं बंदुकीचं मला काय कळतंय," म्हणाली होती. नववी फौजेतली नाही, हे मी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

१४ नोव्हेंबर
कुपवाडला कंपनीच्या गेटवर ड्यूटी. फोन आला. "सर, आपल्या पुस्तकाची राज्यस्तरीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे." मी आपोआप सावधान. मग म्हणतात, आमच्या स्मरणिकेला तेवढी एक पानभर जाहिरात मिळवून द्या. म्हटलं, माझ्या पुस्तकाचं नाव सांगा. पलीकडे कागदांची फडफड. मीच फोन ठेवला.

घरी आल्यावर शेजारच्या शिंदेला सांगितलं. कविता करतो, सगळ्या स्पर्धांना असतो. हसेल वाटलं, तर चष्मा काढून पुसायला लागला. नंतर ट्यूब पेटली, त्याच्या हॉलमधलं मानपत्र त्याच संस्थेचं. मी विषय बदलला. झाकली मूठ.

१ डिसेंबर, रविवार
मिळाला!! साताऱ्याचा. हा खरा. जाहिरात नाही, काही नाही. संस्थेचे कार्यवाह स्वतः बोलले. म्हणाले, "तुमची 'धुणं' वाचून आमच्या परीक्षक बाई रडल्या. पुरस्कार पुस्तकाला आहे, पण खरं सांगायचं तर त्या एका कथेला."

सु.ने शिरा केला. शिंदेला वाटी नेऊन दिली. आईला गावी फोन केला, ती आधी रडली, मग भावाला हाका मारत सुटली. वय झालं, पण आवाज अजून शिवारापर्यंत जातो.

शेवटी कार्यवाह म्हणाले ते आता डोक्यात घोळतंय. "वहिनींना आणायचंच हं. सपत्नीक सत्कार करतो आम्ही, ओटी भरतो. आणि परीक्षक बाई 'धुणं'मधलं शेवटचं पान वाचून दाखवणार आहेत."
सु.ला एवढंच सांगितलं की दोघांना बोलावलंय. कोणती साडी नेसू, म्हणाली.

४ डिसेंबर
कामात लक्ष नाही. दोन ट्रक नोंद न करता आत सोडले. सुपरवायझरची बोलणी खाल्ली.

'धुणं' म्हणजे आमची राणी. पहिली मुलगी. नुकती भिंतीला धरून चालायला लागलेली. मी तेव्हा वर सरहद्दीला, सुमन गावी, सासरी. तार मिळून घरी पोचलो तेव्हा सगळं उरकलेलं. सु. एकच वाक्य बोलली, "मी नदीवर धुणं धुवायला गेलते, आल्यावर बघते तर गार पडलेली." त्यानंतर आमच्यात तो विषय नाही. पुढे दोन मुलगे झाले, मोठे झाले, पुण्याला गेले. राणीचं नाव घरात निघत नाही.

त्या एका वाक्याची मी वीस पानं केली. आजारी लेकराला घरी ठेवून नदीवर जाणारी आई. खडकावर आपटलेलं प्रत्येक कापड तिला जन्मभर ऐकू येतं वगैरे. माझं सगळ्यात चांगलं लिखाण. ते आता माईकवरून वाचणार, आणि ती माझ्या शेजारी खुर्चीत, ओटीत नारळ घेऊन.

८ डिसेंबर, रविवार
कार्यवाहांना फोन केला. म्हटलं, मिसेसला बरं नाही, मी एकटा येतो. "अहो सर, पत्रिका छापून आल्या! 'सपत्नीक' छापलंय." मग म्हटलं, निदान दुसरी कथा वाचा, फौजेतली. ते हसले. लेखकाचा विनय वाटला त्यांना. "आणि तुमच्या मातोश्रींना पहिल्या रांगेत बसवतोय. भाऊ घेऊन येताहेत, बोलणं झालंय."
म्हणजे आईसुद्धा.

शिंदे म्हणतो, "गोष्ट म्हंजे गोष्ट असती रं. खरी थोडीच असती? वहिनींना सांग, कल्पना हाय म्हणून." स्वतः बायकोवर कधी एक ओळ लिहिली नाही त्याने. शहाणा आहे.

११ डिसेंबर
सांगितलं. ती मेथी निवडत होती. मी समोर बसलो आणि म्हटलं, पुस्तकात राणीचं लिहिलंय.
मान वर केली नाही. "म्हाईत हाय. पयलं पार्सल बांधलं तवाच वाचलं."
म्हणजे इतके दिवस वाचलेलंच बांधत होती. मी विचारलं, बोलली का नाहीस?
"काय बोलायचं? लिवलंय चांगलं." काड्या बाजूला केल्या. "पण मी नदीवर गेलेच नव्हते."

पुढचं ती बोलली तसं उतरवून ठेवतो. मला नंतर बदलावंसं वाटेल म्हणून.
"त्या दिशी वन्संचा साखरपुडा हुता. राणीला पहाटपास्नं जुलाब. मी आत्यास्नी म्हणलं, सातारला दवाखान्यात न्हेते. त्या म्हणल्या, पाव्हणं जेवून जाऊ द्यात, थोरली सून दिसली न्हाई तर काय म्हणतील? मी पुरण वाटत बसले. मधी दोनदा इचारलं. दोन्ही बारीला पाव्हण्यांचं नाव. पाव्हणं गेल्यावर आत गेले."

मी: मग मला धुण्याचं का सांगितलंस?
"तुमी रजा संपल्यावर परत जाणार. आईवर राग धरून तिकडं बंदूक घिऊन उभं ऱ्हायला असता? आन मी हतं कुणाच्या घरात ऱ्हायले असते?"

मेथी धुवायला उठली. मी तिथेच बसून राहिलो. संतापलो होतो, पण कुणावर ते कळेना. आईवर, सुमनवर, साखरपुड्याला जेवून गेलेल्या त्या पाहुण्यांवर. आणि मग स्वतःवर. सुमनने न केलेली चूक मी छापून गावोगाव पाठवली. तीही तिच्याच हातांनी बांधून.

१२ डिसेंबर
पुस्तक उघडलं. पहिल्या पानावर, 'आईस'. मीच लिहिलेलं. बंद केलं.

१५ डिसेंबर, रविवार. गावी
सु.ला न सांगता सकाळच्या एसटीने गेलो. आईला विचारायचंच होतं. वाटेत वाक्यं जुळवली, लेखक ना आपण.

आई ओसरीवर. पत्रिका मांडीवर. येईल त्याला दाखवतेय, "ह्ये बघ दत्तूचं नाव." तिला वाचता येत नाही पण माझं नाव कुठे आहे ते बोटाला पाठ झालंय. चहा झाला. भाऊ पाणी पाजायला उसात गेला. आम्ही दोघंच.

तिनेच काढलं. "पोरीचं लिवलंयस म्हणं."
"हो."
"माझं काय लिवलंस?"
"काही नाही, आई."
पत्रिकेवरून हात फिरवला. म्हणाली, "बरं केलंस."

तिला माहीत आहे. धुण्याचं खोटं आहे हेही माहीत, सु.ने ते कशासाठी सांगितलं हेही. इतकी वर्षं सणावाराला त्या दोघी एका चुलीपुढे बसल्या. मी जुळवलेलं एकही वाक्य बोललो नाही. तिच्या हातावरची कातडी पार सैल झाली आहे. परत फिरलो. भ्याड.

१७ डिसेंबर
सु.ला म्हटलं, पुरस्कार नाकारतो.
"कारण काय सांगणार?"
वैयक्तिक, म्हटलं.
"मग पेपरात ईल, न्हाई तर शिंदेभावजी गावभर करतील. पुन्यांदा सगळ्यांनी माझ्याच तोंडाकडं बघायचं. नगं. जाऊ या."
मी म्हटलं, तुला तिथे बसवेल? ते पान ऐकवेल?
"तुमाला लिवताना बसवलं का न्हाई?"
एवढंच. मग दळण घेऊन गिरणीत गेली.

मनोगत लिहायला घेतलं. 'ही कथा मला माझ्या पत्नीने दिली.' खोडलं. 'ही कथा काल्पनिक आहे.' खोडलं. आभार मानून बसावं, हेच बरं.

२१ डिसेंबर
मोरपंखी साडी इस्त्री करून ठेवलीय तिने. माझा कोटही. संध्याकाळी म्हणाली, "त्या बाई वाचतील तवा तुमी माज्याकडं बघू नगा." बरं, म्हटलं.

२२ डिसेंबर, रविवार. सातारा, सभागृहात
प्रमुख पाहुणे नेहमीप्रमाणे यायचे आहेत, म्हणून मनोगताच्या कागदामागे लिहितोय.

भावाने आईला आणलं. पायऱ्या चढवेनात. सु. खाली गेली, वाकून पाया पडली आणि तिचा दंड धरून वर घेऊन आली. पहिल्या रांगेत बसवलं, पाणी दिलं. बघणाऱ्याला वाटावं सख्खी मायलेक. मला ते बघवेना. खरंच माया आहे की सवय, मला सांगता येणार नाही, आणि मी म्हणे माणसांच्या मनातलं लिहितो.

आम्हाला स्टेजवर बसवलं. कार्यवाह कार्यक्रमाचा क्रम घेऊन आले. आधी वाचन, मग सत्कार, मग माझं मनोगत. जाता जाता हसून म्हणाले, "वहिनी, तुम्ही पण दोन शब्द बोला की. दर वर्षी विचारतो, सगळ्या वहिनी नको नको म्हणतात."
मीही तेच म्हणणार होतो. तिच्या वतीने.
सुमन म्हणाली, "बोलते की."
ते खूश. क्रमात तिचं नाव घातलं. माझ्यानंतर.
मी हळूच विचारलं, काय बोलणार आहेस?
"तुमी काय बोलताय ते आदी ऐकते," ती म्हणाली.

आई खालून आमच्याकडेच बघतेय. पाहुण्यांची गाडी आली वाटतं, माणसं उठून उभी राहिली. परीक्षक बाईंनी पुस्तक उघडून पान दुमडून ठेवलंय. माझा कागद पुढच्या बाजूने अजून कोरा आहे.