बत्तिसावा आमदार आणि अख्खी तंगडी

९ मार्च, मंगळवार
आज आलं ते: धुरावलेली डुकराची तंगडी, एक, घरच्या काट्यावर साडेसतरा पौंड. किंमत काही नाही. लेव्ही स्टेशनावरून गोठलेल्या नदीवरून घसरगाडीने आणायचे चाळीस सेंट. खारवलेले वाम, अर्धं पिंप, सव्वादोन डॉलर. पिवळे वाटाणे, एक पोतं, नव्वद सेंट. काकवी, एक गॅलन, अडतीस. मागल्या खेपेला छत्तीस होती. विचारलं तर दुकानदार म्हणाला, सरकारला विचारा. सरकार माझ्याच घरी जेवतं हे त्याला ठाऊक आहे.

तंगडी आमदार बेलावांस यांच्या बाईंनी गावाहून पाठवली. अधिवेशनात बेलावांस आमच्या मागच्या खोलीत उतरतात. हॉटेलात उतरले की विरोधी, निळ्या पक्षाचे लोक त्यांना गाठतात. सोबत दोन कागद. एकात डॉक्टरने लिहिलंय की पोट नाजूक, रोज थोडं मांस हवं. दुसरं त्यांच्या बिशपसाहेबांचं, ईस्टरपर्यंतच्या उपवासकाळात मांसाची मुभा असल्याचं. खाली बाईंच्या हातचं: ताई, रोज एक काप, एवढं करा.

रात्री हे म्हणाले, आपले बत्तीस, त्यांचे एकतीस, आणि बेलावांस आपला बत्तिसावा. सगळ्या खात्यांत कात्री लावीन, त्याच्या ताटाला लावणार नाही. मी म्हटलं, ते माझ्यावर सोडा.

संकल्प: उद्यापासून रोज एक काप.

१० मार्च, राखेचा बुधवार
उपवासकाळाचा पहिलाच दिवस, आज कसं देणार. तंगडी पिठाच्या पोत्यात गुंडाळून माळ्यावरच्या थंड खोलीत टांगली. किल्ली माझ्याकडे.

१२ मार्च
काल राहून गेलं. आज शुक्रवार, मांस वर्ज्यच. सोमवारपासून.

१५ मार्च
नीट विचार केला. ह्यांना तीनदा कशाने पाडलं? चर्चच्या व्यासपीठावरून सांगितलं गेलं की स्वर्ग निळा आणि नरक लाल. आमचा पक्ष लाल. एकोणीस वर्षं गल्लीतल्या बायका माझ्याजवळून जाताना घागरा आवरून घेत. आता हे प्रांताचे मुख्य प्रधान झालेत, चौदा महिने झाले, आणि उपवासात ह्यांच्याच स्वयंपाकघरातून मांसाचा वास सुटला तर? शिवाय मुभा दिली ती तिकडच्या बिशपसाहेबांनी. क्वेबेक शहरात ती चालते का, आपल्या पाद्रीबाबांना विचारायला हवं. पण आधीच त्यांना किती कामं. नाही विचारलं.

ह्यांचं सरकार काटकसरीचं म्हणून निवडून आलं. मंत्री कमी केले, स्वतःचा पगार हजाराने कापला. पेपरवाले लिहितात की हा विचार ह्यांनी फ्रान्सातून आणला. फ्रान्सात हे कधी गेलेलेच नाहीत. तो माझ्या चुलीवरून उचलला. मी कुणाला सांगत नाही.

२० मार्च
बेलावांस फार विनोदी माणूस. आज सूपाच्या वाडग्यात वाकून बघत म्हणाले, वहिनी, ह्यातला वाटाणा पोहतोय की बुडाला? ओदील, आमची मोलकरीण, खिदळली. तिला आत पाठवलं. मग म्हणाले, गावाहून माझ्यासाठी काही आलं होतं का? मी म्हटलं, वाटाणे आले. वाटाणे आलेच होते.

ओदीलने त्यांच्या पट्ट्याला टोच्याने नवं भोक पाडून दिलं. दुसरं. मी म्हटलं, देह हलका तर आत्मा हलका. ते म्हणाले, वहिनी, लोकांनी मला देहासकट निवडून दिलंय.

झोपताना दोन जपमाळा जास्तीच्या म्हटल्या, त्यांच्या पोटासाठी.

२५ मार्च, देवदूताच्या निरोपाचा सण
पक्कं ठरवून सुरी घेऊन माळ्यावर गेले. पोतं सोडलं. काय रंग आलाय. एकदा सुरी लागली की ती तंगडी राहत नाही, तुकडा होतो. आणि ईस्टरला पाद्रीबाबा आमच्याकडे जेवायला येणार आहेत. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. मी विचारलं, त्यांनी नाही म्हटलं नाही. त्यांच्यापुढे काय ठेवू? कापलेली, अर्धी, कुणाच्या तरी पोटदुखीची उरलेली?

परत गुंडाळली. कुलूप लावून दोनदा ओढून पाहिलं.

पापाची कबुली द्यायला पाद्रीबाबांकडे गेले. लोभ, असं सांगितलं. कशाचा ते त्यांनी विचारलं नाही. वजन सांगायची वेळ आली नाही.

१ एप्रिल, उपवासाचा मध्य
गल्लीत ह्या दिवसाच्या रिवाजाप्रमाणे मुखवटे घातलेली माणसं दारोदार फिरत होती. बेलावांस जेवायला नव्हते. ओदील म्हणते, एक मुखवटेवाला पॉमिनव्हिलबाईंच्या दारातून आत गेला, आणि त्याच्या पट्ट्याला टोच्याची दोन भोकं होती. पॉमिनव्हिल म्हणजे निळ्यांचे पुढारी. बाईंकडे म्हणे दोन टर्की भाजल्या होत्या, आणि डॉक्टरचं पत्र मागितलं नाही.

मी तिला म्हटलं, लोकांच्या पट्ट्यांकडे बघायचं नसतं.

हे आल्यावर विचारू लागले, बेलावांस नीट जेवतो ना? मी म्हटलं, मी वाढते ते सगळं संपवतात. हे खोटं नाही.

८ एप्रिल
बेलावांस सलग पाच दिवस रात्री बाहेर जेवतायत. अंगावर तेज आलंय. आज ठरवलं, शनिवारी जाडसर काप, काकवी लावून, त्यांच्या खोलीत, दार लावून. उद्या शुक्रवार म्हणून, नाहीतर उद्याच.

१० एप्रिल, शनिवार
ते न्याहारीआधीच बाहेर पडले. म्हणजे माझा दोष नाही. काप काढला नव्हता, ते बरंच झालं.

१२ एप्रिल
खर्चाच्या मंजुरीवर मतं पडली. बाजूने एकतीस. विरुद्ध बत्तीस. सरकार पडलं.

हे चिखलातून चालत घरी आले. बूट मी काढले. म्हणाले, सभागृहात बेलावांस सद्सद्विवेकावर वीस मिनिटं बोलला. मग जिन्यात मला बाजूला घेऊन म्हणाला, गालार्नो, तुमची काटकसर तिजोरीपुरती असती तर जन्मभर साथ दिली असती.

त्याचा अर्थ काय, असं ह्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, राजकारणातलं मला काय कळतं.

मग ह्यांनी वाटाण्याचं सूप मागितलं. दोनदा घेतलं. म्हणाले, तू तुझ्याकडून सगळं केलंस, तुझ्या ताटात काही कमी नव्हतं. माळ्याची किल्ली माझ्या कमरेला होती. मी उठून भांडी घासली. ओदीलने घासलेलीच होती.

२५ एप्रिल, ईस्टर
पाद्रीबाबांचा निरोप आला की आज जमणार नाही. त्यांचं जेवण पॉमिनव्हिलांकडे आहे.

तंगडी अख्खी टेबलावर ठेवली. आम्ही दोघंच. हे म्हणाले, ही कुठून आली? इतके दिवस मी उत्तरं तयार ठेवली होती. त्याऐवजी कागद आणून पुढे ठेवले. ह्यांनी तारीख पाहिली. बाईंची ओळ दोनदा वाचली. कागद घडी करून खिशात ठेवले, सुरी खाली ठेवली, आणि ब्रेड काकवीला लावून खाल्ला. रागावले असते तर बरं होतं.

संकल्प: आजपासून मांस वर्ज्य. जन्मभर. निदान पुढच्या ईस्टरपर्यंत.

२६ एप्रिल
बेलावांसबाईंना आज टपालाने पाठवलेल्या पत्राची नक्कल:

सौ. बेलावांस यांस,
आपली तंगडी परत पाठवत आहे. नदीचा बर्फ फुटला, म्हणून होडीने. वाहतुकीचे पैसे मी भरले आहेत. येताना साडेसतरा पौंड होती, आज सोळा भरली. वाळल्यामुळे. कुणीही काप काढलेला नाही, हे क्रूसावर हात ठेवून लिहिते. तेच माझं पाप आहे.
आपण हिची बातमी आपल्या यजमानांना पत्राने कळवली होती का? त्यांनी एकदा विचारलं होतं, मी वाटाणे म्हटलं. त्यांना ठाऊक नव्हतं असं आपण लिहिलंत तर माझ्या जिवाला थोडं बरं वाटेल.
उत्तराचं तिकीट जोडलं आहे. हो की नाही, एवढं उलट टपाली कळवावं.
दोमितील गालार्नो